दोन बोटांची जागा

मे महिन्यातला शनिवार. सकाळचे 10 वाजून 20 मिनिटं. बोरघाटात, गाड्यांच्या रांगेत, आमच्या 1978 सालच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन आचका देऊन थांबलं. गाडीत आम्ही तिघं होतो: मी चालवत होतो, शेजारी माझे वडील, आप्पा, आणि मागे माझी मुलगी. पुण्याला जुन्या गाड्यांचा मेळा होता, तिकडे निघालो होतो.

पुढे इंजिन खोललं तेव्हा कळलं की बिघाड घाटात झालाच नव्हता. घाटात फक्त त्याचं बिल आलं. बिघाड आदल्या संध्याकाळी झाला होता, आणि तो माझ्या संमतीनं झाला होता. त्या सोळा तासांचा हिशेब वेळेसकट मांडतो आहे, कारण ज्या लहानशा गोष्टीवरून हे घडलं ती बहुतेक जुन्या गाड्यांत आहे: तापल्यावर रेडिएटरबाहेर येणारं पाणी.

आठवडाभर आधी

गाडी फिरवून आणली, इमारतीखाली लावली आणि दहा मिनिटांनी खाली आलो, तर पुढच्या चाकांमध्ये हिरवट पाण्याचं थारोळं. फार नव्हतं, फुलपात्रभर असेल. मी रेडिएटर पुन्हा गळ्यापर्यंत भरला. पुढच्या फेरीनंतर पुन्हा तेवढंच थारोळं. पुन्हा भरला. तिसऱ्या वेळी मी मनाशी ठरवून टाकलं की गाडी पाणी फेकतेय, काहीतरी बिघडलंय.

काहीही बिघडलेलं नव्हतं. पाणी गार असल्यापासून उकळीला येईपर्यंत साधारण 4 टक्के फुगतं. रेडिएटर, इंजिन आणि पाइप मिळून 5 लिटर पाणी धरलं, तर वाढीव पाणी होतं 200 मिलिलिटर. म्हणजे फुलपात्रभरच. आजच्या गाड्यांत हे जास्तीचं पाणी शेजारच्या बाटलीत जातं. आमच्या पद्मिनीला बाटली नाही. रेडिएटरच्या गळ्यापासून एक बारीक नळी खाली येते आणि उघड्यावर संपते. जास्तीचं पाणी तिथून रस्त्यावर जातं.

थारोळं गाडी उभी केल्यावरच का दिसतं, याचंही कारण आहे. इंजिन बंद झालं की पंपही थांबतो आणि पंखाही. पण इंजिनाच्या वरच्या भागातली, म्हणजे हेडमधली धग लगेच विझत नाही, ती जागच्या पाण्यात उतरत राहते. त्यामुळे बंद केल्यावर काही मिनिटं पाणी चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतं आणि तेव्हाच सर्वात जास्त फुगतं.

एवढं माहीत असतं, तर मी गळ्यापर्यंत भरणं थांबवलं असतं. गाडीनं फुलपात्रभर पाणी टाकलं असतं, वर दोन बोटं मोकळी जागा झाली असती आणि गळणं आपोआप थांबलं असतं. मी मात्र ती जागा रोज भरून काढत होतो.

शुक्रवार, संध्याकाळी 6.20. उरले 16 तास

मुंबईतून पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून कायमची गेली. तिच्याबरोबर तिची दुखणी कानानं ओळखणारे हातही पांगले. आमचे जुने मिस्त्री गावी गेले, म्हणून मी जवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथला कारागीर मन लावून काम करणारा होता, पण नव्या गाड्यांवर शिकलेला.

त्यानं रेडिएटरचं झाकण काढून हातात घेतलं. पितळी झाकण, वर 7 हा आकडा. म्हणजे दर चौरस इंचाला 7 पौंड दाब होईपर्यंत हे झाकण पाणी अडवून धरणार, त्यापुढे स्प्रिंग उचलली जाऊन पाणी नळीवाटे सोडणार.

"साहेब, स्प्रिंग ढिली पडलीय. 13 चं लावतो. पाणी बाहेर येणारच नाही."

मला ते पटलं. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, हे शाळेत शिकलो होतो. समुद्रसपाटीला साधं पाणी 100 अंशांना उकळतं, 7 च्या झाकणाखाली सुमारे 111 अंशांना आणि 13 च्या झाकणाखाली सुमारे 119 ला. घाट चढायचा होता. आठ अंश जास्त मिळत असतील तर कुणाला नकोत?

आम्ही दोघांनीही विचारला नाही तो प्रश्न वेगळा होता. हा वाढीव दाब सोसणार कोण? आजच्या गाड्यांचा रेडिएटर त्या दाबासाठीच बनवलेला असतो. आमचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, वरची टाकी जाळीला झाळून जोडलेली. त्या झाळकामाला चाळीसहून जास्त उन्हाळे झाले होते. 10 सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद पत्र्यावर 7 चं झाकण सुमारे 49 किलोचा जोर टाकतं, 13 चं सुमारे 91 किलोचा. एका झाकणानं त्या म्हाताऱ्या सांध्यावरचा भार जवळजवळ दुप्पट झाला.

जुनं झाकण मी कागदात गुंडाळून डिकीत टाकलं.

रात्री 9.30. उरले 12 तास 50 मिनिटं

बॅटरीच्या उजेडात रेडिएटर भरत होतो. आप्पा बाल्कनीतून खाली वाकून म्हणाले, "दोन बोटं रिकामी ठेवलीस ना?"

ही त्यांची कायमची सवय. लहानपणी दर रविवारी पाहिलेली. पाणी घालायचं, मग तर्जनी आणि मधलं बोट जोडून गळ्यात आडवी धरायची. बोटांना पाणी लागलं तर थोडं काढायचं. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांना ते गाडी विकणाऱ्यानं सांगितलं होतं आणि त्यांनी ते पाळलं, एवढंच.

"आता गरज नाही, आप्पा. नवं झाकण लावलंय," मी म्हणालो आणि पाणी काठाला टेकेपर्यंत भरलं. हवेचा एक बुडबुडाही राहू दिला नाही.

त्या दोन बोटांत हवा असते आणि हवा दबते. पाणी फुगलं की हवा आवळून घेते, त्याला जागा देते. पाणी स्वतः जवळजवळ दबत नाही. ठासून भरलेल्या रेडिएटरमध्ये फुगणाऱ्या पाण्यासमोर फक्त पत्रा उरतो.

शनिवार, सकाळी 6.00. उरले 4 तास 20 मिनिटं

दादरहून निघालो. रस्ता रिकामा, हवा बरी. स्टिअरिंगलगतचा गिअर लोण्यासारखा पडत होता. डॅशबोर्डखाली मी नंतर बसवून घेतलेला पाण्याच्या तापमानाचा काटा सायनच्या पुढे 80 वर येऊन स्थिरावला. आप्पा खुशीत होते. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून घरी आणली त्या दिवसाची गोष्ट ते नातीला सांगत होते.

सकाळी 7.15. उरले 3 तास 5 मिनिटं

पनवेल. काटा 85. पाणी फुगलेलं, वर जागा नाही, झाकण 13 पर्यंत दाद देणार नाही. पुढे खोललेल्या रेडिएटरवर जे दिसलं त्यावरून सांगतो: याच सुमारास वरच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यातली झाळ केसभर उकलली असावी. झाकणाची स्प्रिंग उचलली जायच्या आधी सांधा उघडला. पाणी बाहेर पडायचं थांबलं नव्हतं, त्यानं वाट बदलली होती. आता ते चालत्या गाडीच्या वाऱ्यात, थेंबाथेंबानं उडून जात होतं.

सकाळी 8.15. उरले 2 तास 5 मिनिटं

खोपोली. चहा-वड्यासाठी थांबलो. मी बॉनेट उघडलं आणि पहिली नजर टाकली ती त्या बारीक नळीवर. नळी कोरडी ठणठणीत. "बघा आप्पा, एक थेंब नाही," मी म्हणालो.

आप्पा वाकून रेडिएटरकडे पाहत होते. "इथे ओल आहे का रे?"

"काल धुतलीय ना गाडी."

हॉटेलवाल्यानं धूळ बसावी म्हणून अंगणात पाणी मारलं होतं, त्यामुळे गाडीखाली काय सांडलं ते कळायला मार्ग नव्हता. आम्ही पस्तीस मिनिटं थांबलो. इंजिन नुकतंच बंद केलेलं, म्हणजे पाणी सर्वात तापलेलं आणि दाब सर्वात जास्त, तो हाच वेळ. आम्ही वडे खात असताना सांधा गळत होता.

मुलीनं तेव्हा आजोबांचा उघड्या बॉनेटजवळ फोटो काढला. तो मी नंतर मोठा करून पाहिला. टाकी आणि जाळी यांच्या सांध्यावर, डाव्या कोपऱ्यापासून चार बोटं लांब, दोऱ्याएवढी जाड फिकट हिरवी रेघ आहे. कुलंट सुकलं की अशी खपली धरते. पुरावा माझ्या नाकासमोर होता. मी मात्र नळी पाहून निर्धास्त झालो होतो.

सकाळी 9.05. उरला 1 तास 15 मिनिटं

घाट सुरू झाला. शिंगरोबाच्या देवळापाशी आप्पांनी हात जोडले. ही घाटवाट ज्या धनगरानं इंग्रजांना दाखवली असं सांगतात, त्याचं हे देऊळ. आजही कितीतरी ड्रायव्हर इथे नाणं टाकूनच पुढे जातात.

दुसऱ्या गिअरमध्ये 1089 सीसीचं इंजिन, तीन माणसं, सामान आणि समोर जवळपास पाचशे मीटरची चढण. काटा 90.

सकाळी 9.25. उरली 55 मिनिटं

रांग थांबली. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. मग सुरू झालं ते घाटातलं सरपटणं: गाडी दहा पावलं पुढे, थांबा, पुन्हा दहा पावलं. पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद तर पंखाही मंद. उभ्या गाडीला समोरून वारा नाही आणि आजूबाजूला शंभर गाड्यांची धग.

9.40 ला काटा 95. 9.52 ला 100.

"थांबूया का बाजूला?" आप्पांनी विचारलं.

"119 पर्यंत काळजी नाही," मी म्हणालो.

हा हिशेब सांधा शाबूत असता तरच खरा होता. उकललेल्या सांध्यातून बराचसा दाब केव्हाच निसटला होता. दाब नसेल तर पाणी आपल्या नेहमीच्या तापमानाला उकळतं, आणि खंडाळ्याच्या उंचीवर साधं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. मी 119 ची वाट पाहत होतो आणि आत उकळी फुटलेली होती.

सकाळी 10.08. उरली 12 मिनिटं

काटा 108 वर होता. माझ्या तळहातांना घाम आला होता. आणि अचानक काटा खाली येऊ लागला. 100. 90. 75.

"उतरला!" मी जवळजवळ ओरडलोच. मुलीनं टाळ्या वाजवल्या.

या पूर्ण घटनाक्रमात वाचकानं एकच क्षण लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो कोरडा पडतो. धातूपासून त्याच्यापर्यंत उष्णता वाहून आणणारं काही उरत नाही आणि काटा पडतो. चढावर, रांगेत, काही कारण नसताना काटा झपकन उतरला, तर गाडी गार झाली असं समजू नका. पाणी संपलंय. त्याच सेकंदाला गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

मी तेव्हा बंद केलं असतं, तर बहुधा एका झाळकामावर निभावलं असतं. मी आणखी बारा मिनिटं गाडी चालवली.

सकाळी 10.14. उरली 6 मिनिटं

ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. तापलेल्या रंगाचा वास आला. गाडी पहिल्या गिअरमध्येही ओढेना. आप्पा बोलायचे थांबले होते. त्यांनी एक हात डॅशबोर्डवर ठेवला होता, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

सकाळी 10.20

एक आचका. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट. इंजिन बंद.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगतं. मापात तापलं तर मधलं गॅस्केट हा फरक सांभाळून घेतं. पाण्यावाचून तापलं की हेड फुगायला बघतं, बोल्ट त्याला हलू देत नाहीत आणि हेड वाकतं. गॅस्केट फाटतं, आणि पाण्याची वाट, तेलाची वाट आणि सिलिंडर, जे एकमेकांपासून वेगळे राहायला हवेत, ते एक होतात.

सकाळी 10.22

बॉनेट उघडलं, हातात फडकं घेतलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. आप्पांनी माझं मनगट पकडलं. एकोणऐंशी वर्षांच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "अर्धा तास कुणी हात लावायचा नाही."

त्यांचं बरोबर होतं. गाडीचं नुकसान भरून निघतं, चेहऱ्याचं निघत नाही. दाबाखाली 100 अंशांच्या वर तापलेलं पाणी झाकण उघडताच भडकन वाफ होऊन उसळतं. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून अधिक जागा घेते. फडक्याची घडी तिला आवरत नाही. सांधा गळत असला तरी आत किती दाब उरलाय हे बाहेरून कळत नाही.

सकाळी 11.15

इंजिनाला हात लावता येऊ लागल्यावर झाकण उघडलं. आत अंधार. हळूहळू पाणी ओतलं तेव्हा साडेतीन लिटर मावलं. पाचातले साडेतीन लिटर वाटेत गेले होते. मग तेलाची काठी ओढून पाहिली. टोकाला काळं तेल असायला हवं होतं. तिथे दुधाळ चहाच्या रंगाचा फेस होता. तेलात पाणी मिसळलं होतं. आप्पांनी काठी माझ्या हातातून घेतली, पुसली आणि परत जागेवर लावली. बोलले काहीच नाहीत.

गाडी टोचन करून लोणावळ्याला नेली.

तीन आठवड्यांनंतर

हेड उतरवलं. लोणावळ्याच्या मिस्त्रींनी त्यावर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खाली पातळ पातीची मापं सरकवून पाहिली. मधोमध 0.30 मिलिमीटरची फट. नखाच्या जाडीएवढीही नाही, पण गॅस्केटला एवढी फट पेलत नाही. हेड मशीनवर सपाट करून आणलं, गॅस्केट नवं टाकलं, रेडिएटर पूर्ण नव्यानं झाळून घेतला. या सगळ्याचा खर्च ज्या एका गोष्टीनं टळला असता ती काही शे रुपयांची आहे: एक प्लॅस्टिकची बाटली.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांना कळकळीनं सांगतो. नळीतून फुलपात्रभर पाणी आलं तर घाबरू नका आणि ते पुन्हा काठोकाठ भरूही नका. गाडी गार असताना पाणी जिथे स्वतःहून टेकतं ती तिची खूण समजा. त्या खुणेखालीही ते रोज उतरत असेल, तरच गळती शोधा, आणि ती शोधताना नळीबरोबर रेडिएटरचे सांधे, होज पाइप आणि वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंपही पाहा. झाकण बदलायचं तर मूळ दाबाचंच घ्या.

बाटली लावायची असेल तर तिच्याजोगतं झाकणही लागतं. त्याला गळ्यावर घट्ट बसणारा वरचा रबरी वायसर हवा, आणि मधोमध पाणी परत आत घेणारी छोटी झडप हवी. नळीचं टोक बाटलीच्या तळाशी, पाण्यात बुडालेलं ठेवा. ते वर राहिलं तर गार होताना रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढतो. बाटली अर्धीच भरा, वरची अर्धी येणाऱ्या पाण्यासाठी सोडा. अशा व्यवस्थेत रेडिएटर मात्र पूर्ण भरायचा असतो, कारण दोन बोटांची जागा आता बाटलीत गेलेली असते.

आमच्या पद्मिनीवर आता 7 चंच झाकण आहे, बाटलीजोगतं, आणि बॅटरीशेजारी एक लिटरची पांढरी बाटली आहे. तिच्यावर आप्पांनी काळ्या शाईनं दोन रेघा मारल्या आहेत. फेरीहून आलो की पाणी वरच्या रेघेला असतं. सकाळी खाली जाऊन पाहतो, तेव्हा ते खालच्या रेघेवर परत गेलेलं असतं.